विश्लेषण : सख्खे, सावत्र, मानलेले... भावंडांच्या नात्यात कायदा कुणाला कुठे बसवतो?

दापोली तालुक्यातील मुरुड म्हटले की पर्यटकांना समुद्रकिनारा आणि दुर्गादेवीचे मंदिर आठवते, तर बाकीच्यांना महर्षी धोंडो केशव कर्वे. कर्वे यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या घराची रचना मात्र तितकीशी परिचित नाही. पहिल्या पत्नीचा एक मुलगा, दुसऱ्या पत्नीचे तीन, मेहुणीचा एक आणि शिक्षणासाठी ठेवून घेतलेली नात्यातली मुले, असे ते घर होते. हल्ली ज्याला ‘ब्लेंडेड फॅमिली’ म्हणतात, तोच हा प्रकार. फक्त सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

घटस्फोटानंतर किंवा जोडीदाराच्या निधनानंतर दुसरे लग्न करणे आता नवलाईचे राहिलेले नाही. अशी लग्ने जुळवताना दोन्हीकडची माणसे एक प्रश्न हमखास विचारतात : मुले एकमेकांना स्वीकारतील का? ही मुले कायद्याने एकमेकांची कोण लागतील, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो प्रश्न पुढे येतो घरातले कुणीतरी गेल्यावर, वारस नोंदीचा अर्ज भरताना. तोवर उशीर झालेला असतो.

मुरुडच्या कर्वे कुटुंबात काय घडले?

धोंडो केशव कर्वे यांचे पहिले लग्न बालवयात राधाबाईंशी झाले. त्यांचा मुलगा रघुनाथ याचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुडला झाला. संततिनियमनाचे पुरस्कर्ते आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे ते हेच. १८९१ मध्ये राधाबाईंचे निधन झाले. कर्वे यांचे वय तेव्हा तेहतीस. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधुराने दुसरे लग्न करणे यात वावगे काही नव्हते, मुलगी अर्थातच कुमारिका हवी. कर्वे यांनी ते नाकारले आणि १८९३ मध्ये देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशी यांच्या विधवा कन्या गोदूबाई यांच्याशी विवाह केला. गोदूबाई या कर्वे यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्या हिंगणे परिसराच्या ‘बाया’ झाल्या.

विधवाविवाह कायदेशीर होऊन तेव्हा ३७ वर्षे झाली होती, कायदा १८५६ चा. मुरुडच्या ब्राह्मण समाजाला त्याचे सोयरसुतक नव्हते. गावाने कर्वे यांच्यावर बहिष्कार टाकला. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्यांच्यावरही तीच वेळ येणार होती. म्हणजे सावत्र नाते जुळायच्या आत सख्ख्या नात्यावरच घाला आला. एका आईच्या पोटच्या भावंडांना गावाच्या एका ठरावाने परके केले. कोकणात याला वाळीत टाकणे म्हणतात आणि ही प्रथा अगदी अलीकडेपर्यंत बातम्यांत होती. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला स्वतंत्र कायदा २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

नवी आई घरात आली तेव्हा रघुनाथ ११ वर्षांचा होता. आनंदीबाईंना शंकर, दिनकर आणि भास्कर असे तीन मुलगे झाले. भावंडांतले अंतर केवढे, याची कल्पना एका सालावरून येते. १८९९ मध्ये रघुनाथ मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि त्याच वर्षी दिनकरचा जन्म झाला. शंकर पुढे डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत स्थायिक झाले, दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक व फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन संपादित केले ते भास्कर यांच्या पत्नी कावेरीबाईंनी. दिनकर यांनी १९६३ मध्ये ‘द न्यू ब्राह्मिन्स’ या इंग्रजी पुस्तकात वडिलांचे आणि आईचे आत्मकथन अनुवादित करून जगापुढे ठेवले.

याच घरात आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आल्या. त्याही विधवा होत्या आणि पदरात लहान मुलगा होता. त्याच्या शिक्षणासाठी त्या पुण्याला आल्या आणि पुढे आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. त्यांचा मुलगा शंकर, दिनकर, भास्कर यांचा मावसभाऊ. रघुनाथचा कोण? सावत्र आईच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे रक्ताने कुणीच नाही. व्यवहारात अर्थात मावसभाऊच.

‘सावत्र’ म्हणजे नेमके कोण?

मराठीत भावंडांच्या नात्यांना शब्दांची ददात नाही. चुलत, आते, मामे, मावस असे प्रत्येक दिशेला वेगळे नाव आहे. सावत्रपणाच्या बाबतीत मात्र भाषेने हात आखडता घेतला आहे. ‘सवत’ या शब्दाशी नाते सांगणारा ‘सावत्र’ हा एकच शब्द तीन अगदी वेगळ्या नात्यांना वापरला जातो.

वडील एक आणि आई वेगळी असलेली भावंडे हा पहिला प्रकार. रघुनाथ आणि दिनकर या प्रकारातले. आई एक आणि वडील वेगळे असलेली भावंडे हा दुसरा. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला पहिल्या लग्नाचे मूल असेल आणि दुसऱ्या लग्नानंतर आणखी मूल झाले, तर ती दोघे या प्रकारात येतात. तिसऱ्या प्रकारात आईही वेगळी, वडीलही वेगळे. दोघांनी पहिल्या लग्नाची मुले घेऊन नवा संसार मांडला, त्यामुळे ती मुले एका छताखाली आली.

पहिल्या प्रकारासाठीच भाषेत शब्द का झाला असावा, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. पुरुषाची दुसरी-तिसरी लग्ने सर्रास होत. उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाह निषिद्ध होता. अनेक बहुजन जातींत पाट लावण्याची रीत होती, पण ग्रंथांचे आणि कोर्टांचे ‘हिंदू कुटुंब’ ठरवताना ती घरे नमुन्यादाखल कुणी धरली नाहीत. १८५६ च्या कायद्यानेही पुनर्विवाहाची मुभा देताना विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला आणि तिच्या पहिल्या मुलांचे पालकत्व पतीच्या नातलगांनी कोर्टाकडे मागण्याची वाट मोकळी ठेवली. आई नव्या घरी आणि मूल जुन्या घरी, असाच त्याचा रोख. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला.

वडिलांच्या मालमत्तेत सावत्रपणाने फरक पडतो का?

नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची सर्व मुले पहिल्या वर्गातील वारस असतात. पहिल्या पत्नीची, दुसऱ्या पत्नीची असा भेद नाही, आणि मुलगा-मुलगी असाही नाही. कर्वे कुटुंबाची रचना आजच्या कायद्यात बसवून पाहिली तर चार मुलगे आणि हयात पत्नी यांचे पाच समान वाटे होतील. ‘थोरल्या घराला अर्धे, धाकट्या घराला अर्धे’ ही गावाकडची पंचाईत कायद्याला मान्य नाही. वाटे माणसागणिक पडतात, चुलीगणिक नाही.

एक गुंता मात्र आहे. पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न घेता केलेले दुसरे लग्न शून्य ठरते. अशा लग्नातील पत्नीला विधवा म्हणून वाटा मिळत नाही, पण मुले औरस मानली जातात. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या प्रकरणात हे अधिक स्पष्ट केले. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते, त्यात या मुलांनाही हिस्सा आहे. थेट सहदायक म्हणून मात्र ती दावा करू शकत नाहीत.

मग भाऊच वारला तर?

सावत्रपणाचा खरा परिणाम इथे होतो. समजा, एक अविवाहित भाऊ मृत्युपत्र न करता वारला आणि आई आधीच गेलेली आहे. वडील हयात असतील तर सर्व मालमत्ता त्यांना जाते. (र. धों. कर्वे १९५३ मध्ये वारले आणि वडील त्यांच्यानंतर नऊ वर्षे, वयाच्या १०४ व्या वर्षापर्यंत जगले. इतका विरळा क्रमही कायद्याने गृहीत धरलेला आहे.) वडीलही नसतील तर दुसऱ्या वर्गातील वारसांच्या यादीत भाऊ-बहिणीचा क्रम लागतो. सख्खी भावंडे असतील तर कलम १८ नुसार त्यांना सावत्र भावंडांच्या आधी पसंती मिळते. सख्खे कुणी नसेल तर एका वडिलांची सावत्र भावंडे वारस होतात.

आणि आई एक, वडील वेगळे असतील तर? याच यादीखाली एका ओळीचे स्पष्टीकरण आहे. या यादीतील ‘भाऊ’ किंवा ‘बहीण’ या शब्दांत केवळ आईकडून लागणाऱ्या भावंडांचा समावेश होत नाही. म्हणजे ज्यांना एकाच आईने जन्म दिला, वाढवले, ती भावंडे एकमेकांच्या वारसांच्या पहिल्या दोन्ही वर्गांत नाहीत. त्यांचा विचार झालाच तर दूरच्या नातलगांच्या रांगेत, तोही वडिलांच्या कुळातील नातलगांनंतर. कधी तोंडही न पाहिलेला चुलत चुलता पुढे आणि पाठचा भाऊ मागे, अशी परिस्थिती येऊ शकते.

विवाहाच्या कायद्याचा हिशेब अगदी उलटा आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये निषिद्ध नाती ठरवताना सख्खी, एका वडिलांची आणि एका आईची भावंडे सारखीच धरली आहेत. दत्तक नातेही त्यात येते. एक आई असलेल्या भावा-बहिणीचे लग्न होऊ शकत नाही, कारण ती भावंडे आहेत. आणि त्यांच्यापैकी एक वारला तर दुसऱ्याला हक्काने काही मिळत नाही, कारण वारसा यादीपुरती ती भावंडे नाहीत! संसदेने एका वर्षाच्या अंतराने केलेले हे दोन कायदे आहेत. वारसा पितृकुळातून चालतो या जुन्या धारणेचा हा अवशेष सत्तर वर्षे तसाच राहिला आहे. मुलींना २००५ मध्ये सहदायक करण्यात आले, तेव्हाही या ओळीला हात लागला नाही.

यातून एक आडवाट निघते, ती आईमार्फत. आई हयात असेल तर अविवाहित मुलाची ती पहिल्या वर्गातील वारस असते. तिने दुसरे लग्न केले असले तरी तिचा हा हक्क जात नाही. ती मालमत्ता तिच्या नावे आली आणि पुढे तिचे निधन झाले, तर तिची सगळी मुले, कोणत्याही लग्नाची असोत, समान वारस होतात. पण हे सारे आई किती जगते यावर अवलंबून आहे.

सावत्र आई-वडिलांकडून काही मिळते का?

हक्काने जवळजवळ काहीच नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिचे पहिले वारस म्हणजे तिची मुले आणि पती. सावत्र मुलगा या ‘मुला’त मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग या १९८७ च्या निकालात सांगितले आहे. तिला स्वतःचे मूल नसेल आणि पतीही हयात नसेल, तरच सावत्र मुलाचा क्रम लागतो, तोही ‘पतीचा वारस’ म्हणून. उलट बाजूनेही तेच. सावत्र मुलाच्या मालमत्तेत सावत्र आई ही ‘आई’ नसते, ती ‘वडिलांची विधवा’ असते आणि दुसऱ्या वर्गात भावंडांच्याही खाली येते. ज्या बाईने अकरा वर्षांच्या पोराला लहानाचे मोठे केले, तिच्यासाठी कायद्याकडे एवढाच शब्द आहे.

सावत्र वडिलांच्या बाबतीत स्थिती आणखी कोरडी आहे. पत्नीच्या पहिल्या लग्नाच्या मुलाला सावत्र वडिलांच्या मालमत्तेत आपोआप काहीही मिळत नाही. शाळेत त्यांचे नाव लावले, आधार कार्डावर त्यांचा पत्ता आला, म्हणून ते मूल वारस होत नाही.

इतर धर्मीयांसाठी नियम काय?

दाभोळ, हर्णे या भागात कोकणी मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. त्यांना लागू होणाऱ्या शाफई वारसा नियमांत चित्र वेगळे आहे. एका आईच्या भावंडांना तिथे ठरलेला वाटा आहे : मृताला मूलबाळ, वडील किंवा आजोबा नसतील तर एकाला एक षष्ठांश, दोन किंवा अधिक असतील तर सर्वांना मिळून एक तृतीयांश. ख्रिस्ती कुटुंबांना लागू होणाऱ्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये सख्खे आणि सावत्र असा भेदच नाही.

मानलेले नाते आणि दत्तक यांत फरक कुठे?

कर्वे यांच्याकडे शिक्षणासाठी राहिलेल्या नात्यातील मुलांपैकी एक म्हणजे मुरुडपासून जवळच असलेल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ मध्येच (हे साल या घराला लाभले खरे) ते केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. पुढे याच रँग्लर परांजप्यांच्या पुण्यातील घरी एक मुलगी राहायला आली. ब्रह्मदेशात जन्मलेली, हुजूरपागेत शिकायला आलेली इरावती करमरकर. परांजप्यांची मुलगी शकुंतला तिची मैत्रीण. दोघी एकाच घरात वाढल्या. इरावती मोठेपणी दिनकर कर्वे यांच्याशी लग्न करून कर्व्यांची सून झाली, मानववंशशास्त्रज्ञ झाली. शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाच्या प्रचारात र. धों. कर्वे यांना साथ दिली. एकीचा दीर, दुसरीचा सहकारी.

या दोघींना लोक बहिणी म्हणोत, कायदा म्हणणार नाही. ठेवून घेणे, सांभाळणे, शिकवणे यांतून कितीही घट्ट नाते तयार झाले तरी वारसाहक्क तयार होत नाही. राखी किंवा भाऊबीजेने जोडलेल्या भावाचेही तेच.

विधिवत दत्तक घेतले तर मात्र सारे पालटते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार दत्तक मूल त्या तारखेपासून दत्तक घराचे होते आणि जन्मघराशी त्याचे नाते संपते. अपवाद विवाहाच्या निषिद्ध नात्यांचा आणि आधीच नावावर झालेल्या मालमत्तेचा. दत्तक मूल आणि पोटचे मूल यांच्यात वारसा यादीत फरक उरत नाही. सावत्र पालकांना जोडीदाराचे मूल दत्तक घेता येते. त्याची प्रक्रिया ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमावलीत आहे. मुलाचे दुसरे जन्मदाते पालक हयात असतील तर त्यांची संमती लागते. घटस्फोटित कुटुंबांत गाडे अडते ते नेमके इथे. ज्या माजी पतीने वर्षानुवर्षे मुलाची चौकशी केली नाही, तोच संमतीची सही मागायला गेल्यावर वडिलकी दाखवू लागतो, असा अनुभव विरळा नाही.

दत्तक शक्य नसेल तर मृत्युपत्राचा मार्ग उरतो. स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र मालमत्तेतील स्वतःचा हिस्सा हिंदू व्यक्ती कुणालाही देऊ शकते : सावत्र मुलाला, एका आईच्या भावाला, मानलेल्या बहिणीला. साध्या कागदावरचे मृत्युपत्र चालते, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. बँकेत किंवा शेअर खात्यावर ‘नॉमिनी’ लावले की काम झाले, हा समज चुकीचा आहे. शेअर आणि रोख्यांच्या नामनिर्देशनातून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात पुन्हा सांगितले आहे.

सातबाऱ्यावर नाव लावताना काय होते?

मुरुडसारख्या गावांत हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही. किनाऱ्यालगतच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना पर्यटनामुळे मोल आले आहे आणि अनेक सातबारा उतारे सामायिक आहेत. घरातली अर्धी माणसे मुंबई-पुण्यात. वारस नोंदीसाठी अर्जदाराला मृताच्या वारसांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. त्यात वडिलांच्या दुसऱ्या पत्नीची मुले वगळली जाण्याचे प्रकार घडतात, कधी हेतुपुरस्सर, तर कधी ‘ते आपल्यात कुठे येतात’ या भावनेने. दोन्ही वेळा परिणाम एकच. वगळलेल्या वारसाचा हक्क फेरफार नोंदीने संपत नाही, कारण अशी नोंद महसुलासाठी असते, तिच्यामुळे मालकी ठरत नाही. नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस काढली जाते आणि हरकतीला मुदत असते. मुदत टळली तर महसुली अपील आणि शेवटी दिवाणी दावा.

उलट चूकही होते. आईच्या पहिल्या लग्नाचा मुलगा याच घरात वाढला म्हणून, भाऊ वारल्यावर सगळे मिळून त्याचेही नाव वंशावळीत घालतात. तेव्हा कुणाची हरकत नसते. पुढे जमीन विकायची वेळ आली की खरेदीदाराचा वकील ते नाव बाजूला काढतो. भावंडांनी त्याला वाटा द्यायचे ठरवलेच असेल, तर प्रत्येकाने आपल्या हिश्श्यातून नोंदणीकृत बक्षीसपत्र करून द्यावे लागते.